महाकाय जातीच्या सशाच्या पिल्लाचा आहार आणि कोकणच्या हवेतील त्याची निगा

गुहागरजवळच्या एका गावातून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीच्या हट्टाखातर आपण मुंबईहून ‘फ्लेमिश जायंट’ म्हणून विकले जाणारे सशाचे पिल्लू आणले. ते आज अडीच महिन्यांचे असून त्याचे वजन २.२ किलो आहे. पोळी, भात, गाजर, कोबी आणि अधूनमधून बिस्कीट असा त्याचा आहार आहे, मागच्या पडवीत तारेच्या पिंजऱ्यात त्याला ठेवले आहे, आणि गेल्या आठवड्यापासून त्याच्या शेपटीखाली काळपट चिकट घाण लागलेली दिसते. ‘ते लवकर मोठे व्हावे म्हणून काय खाऊ घालावे’ हा आपला शेवटचा प्रश्न. रत्नागिरी जिल्ह्यात दोन दशकांहून अधिक काळ पशुवैद्यक म्हणून काम करताना हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि महाकाय सशांचे नुकसानही बहुतेक वेळा याच इच्छेपोटी झालेले मी पाहिले आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. या पिल्लाला लवकर मोठे करायचे नाही. त्याचे आतडे आणि हाडे नीट घडेपर्यंत त्याला सावकाश वाढू द्यायचे आहे.

फ्लेमिश जायंट ही मूळची बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतातील, घेंट शहराच्या आसपासची जात. अमेरिकेतील प्रदर्शनांच्या निकषांनुसार या जातीच्या प्रौढ मादीचे वजन किमान ६.३५ किलो आणि नराचे किमान ५.९ किलो असावे लागते. हे वजन गाठायला त्याला एक वर्ष, कधी दीड वर्ष लागते. लहान जातीचा ससा सहा महिन्यांत पूर्ण वाढतो, हा नाही. आपल्याकडे मात्र मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या ‘व्हाइट जायंट’ आणि ‘ग्रे जायंट’ या साडेचार-पाच किलोच्या जातींची पिल्लेही सर्रास फ्लेमिश म्हणून विकली जातात. आपले पिल्लू यांपैकी कोणते हे २.२ किलो या एका आकड्यावरून सांगता येणार नाही. ते पाच किलोवर थांबले तर आपल्या पालनात काही उणे राहिले असे समजू नये, आणि त्या भीतीने खुराक वाढवू तर मुळीच नये.

आता पोटाविषयी, कारण सशाच्या बाबतीत बाकी सारे त्याच्यावर उभे आहे. सशाला उलटी करता येत नाही. त्याच्या पोटात जे गेले ते पुढेच सरकले पाहिजे, आणि ते पुढे सरकवण्याचे काम गवतातील लांब, भरड धागा करतो. पचलेल्या अन्नातील भरड भाग कोरड्या गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, तर बारीक भाग अंधनाल नावाच्या मोठ्या पिशवीत मागे वळवला जातो. तेथे असंख्य सूक्ष्म जीव तो आंबवतात आणि त्यातून द्राक्षांच्या लहानशा घडासारखी, मऊ, चकचकीत, उग्र वासाची दुसऱ्या प्रकारची विष्ठा तयार होते, जी ससा गुदद्वारापाशी तोंड नेऊन थेट खातो. पाहणाऱ्याला किळस वाटते आणि मुलांना ओरडून त्याला हटकावेसे वाटते. पण तसे करू नये, कारण त्याला लागणारी ब जीवनसत्त्वे आणि प्रथिनांचा काही भाग तिच्यातून मिळतो.

आपल्या पिल्लाच्या शेपटीखालील घाण बहुधा हीच न खाल्लेली मऊ विष्ठा आहे. पोळी, भात आणि बिस्किटे यांतील पीठ व साखर अंधनालातील सूक्ष्म जीवांचा तोल बिघडवतात, त्यामुळे ही विष्ठा घडाऐवजी लगद्यासारखी होते आणि ससा ती खात नाही. याच्या जोडीला कोरड्या गोल लेंड्या नेहमीसारख्या पडत असतील, पिल्लू उड्या मारत असेल आणि खात असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. पीठ आणि साखर बंद करून गवत वाढवले की आठवड्या-दोन आठवड्यांत ती थांबते. परंतु गोल लेंड्या बंद होऊन नुसते पाणी किंवा शेंबडासारखा पदार्थ पडत असेल, पिल्लू कोपऱ्यात पाठ कमानदार करून दात खात बसले असेल, तर तो खरा जुलाब आहे आणि या वयात तो एका दिवसात जीव घेऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आहारातील बदल एका दिवसात करू नयेत. पोळी, भात आणि बिस्कीट आजपासून बंद करण्यास हरकत नाही, मात्र नवा खुराक आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा आणि तोवर गवत चोवीस तास समोर असावे. सशाच्या ताटातील गवत म्हणजे आपल्या ताटातील भात. बाकी सारे तोंडी लावणे आहे. एकूण खाण्याचा चार पंचमांश भाग सुके गवत असावे असा साधारण ठोकताळा आहे. सशाचे पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर वाढतात आणि दाढाही आयुष्यभर वाढतच असतात. त्या झिजायच्या तर तासन्‌तास रवंथ केल्यासारखे आडवे चावणे घडावे लागते. ते गाजराने किंवा तयार खुराकाच्या कांडीने घडत नाही, गवतानेच घडते.

कोकणात गवताला तोटा नाही, पण ते कोणत्या महिन्यात कापले यावर सारे अवलंबून आहे. वरकस जमिनीवरील गवत ऑक्टोबरच्या सुरुवातीला, फुलोऱ्यावर येता येता कापून कडक उन्हात वाळवलेले असेल तर ते हिरवट राहते आणि त्याला गोडसर वास येतो. तेच गवत बी झडल्यावर, डिसेंबरात कापले तर पिवळे, काडीसारखे होते. त्यात धागा असतो पण पोषण फारसे नसते, आणि कुसळे असलेले गवत असेल तर ती डोळ्यात आणि हिरडीत रुततात. भाताचा पेंढा अंथरायला उत्तम आहे, मात्र त्यात सिलिका, म्हणजे वाळूतले न पचणारे द्रव्य, जास्त आणि प्रथिने नगण्य असल्यामुळे वाढत्या पिल्लाचे तो मुख्य अन्न होऊ शकत नाही. पहिल्या सात-आठ महिन्यांत प्रथिने आणि कॅल्शियम यांची गरज जास्त असते, ती भागवण्यासाठी रोजच्या गवतात साधारण एक चतुर्थांश वाळवलेला लसूणघास (ल्यूसर्न हा चारा) मिसळावा. आपल्या जांभ्या जमिनीत तो चांगला येत नाही. घाटावरून, कोल्हापूर-सांगलीकडून मागवावा लागतो. आठव्या महिन्यानंतर तो हळूहळू बंद करावा, कारण सशाचे शरीर अन्नातले कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषून घेते आणि उरलेले लघवीवाटे टाकते. प्रौढ सशाला लसूणघास चालूच ठेवला तर मूत्राशयात चुन्यासारखा गाळ साचतो.

येथे एक निकडीची गोष्ट. आपण मे महिन्यात लिहीत आहात आणि पिल्लाचे वाढीचे पुढचे महिने पावसात जाणार आहेत. या आकाराचे पिल्लू दिवसाला सरासरी दीडशे ग्रॅम गवत खाईल असे धरले, तर जून ते ऑक्टोबरच्या दीडशे दिवसांना साडेबावीस किलो लागेल. सशाची उधळमाधळ लक्षात घेता तीस-पस्तीस किलो हाताशी असावे. हे गवत पाऊस पडण्यापूर्वीच घेऊन, एकदा पुन्हा उन्हात तापवून, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर असे माळ्यावर ठेवावे. घरात अजून चूल पेटत असेल तर चुलीवरच्या माळ्याइतकी कोरडी जागा दुसरी नाही, फक्त धुराने काळे पडलेले वरचे थर काढून टाकावेत. जुलैमध्ये पेंढी सोडल्यावर कुबट वास आला, धूळ उडाली किंवा पांढरे-काळे ठिपके दिसले तर ती संपूर्ण पेंढी टाकून द्यावी. वरचे काढून आतले वापरण्याची काटकसर गुरांच्या बाबतीतही चूकच, पण सशाच्या बाबतीत ती महागात पडते, कारण बुरशीचे विष त्याच्या यकृताला फार थोड्या मात्रेत बाधते.

सशांसाठी तयार मिळणारा कांडीच्या रूपातील खुराक घ्यावा. त्यात प्रथिने १६ ते १८ टक्के आणि धागा किमान १८ टक्के असल्याचे पिशवीवर वाचून खात्री करावी. सध्या वजनाच्या दर किलोमागे तीस ग्रॅम, म्हणजे आज सुमारे ६५ ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावा. दर पंधरवड्याला वजन करून प्रमाण त्यानुसार वाढवावे आणि आठव्या महिन्यापासून किलोमागे वीस-पंचवीस ग्रॅमवर आणावे. रंगीबेरंगी दाणे, मका आणि सूर्यफुलाच्या बिया मिसळलेली पाकिटे दिसायला आकर्षक असतात. ससा त्यातले गोड तेवढे वेचून खातो आणि बाकीचे टाकतो, म्हणून ती घेऊ नयेत. गुरांची कांडी तर अजिबात नको, तिच्यात युरिया असू शकतो. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणीसाठी मिसळलेली काही औषधे सशाला विषारी ठरतात. खेड्यात या दोन गोष्टी घरात असतातच आणि ‘एक मूठ घातली तर काय होते’ असे वाटते, म्हणून मुद्दाम लिहिले.

हिरवा पाला तीन महिने पूर्ण झाल्यावर सुरू करावा. एका वेळी एकच नवा पाला, तोही चार पाने, आणि तीन दिवस लेंड्या पाहून मग दुसरा. दूर्वा हा आपल्या परसातला सर्वांत सुरक्षित पाला आहे. फक्त पूजेतून उतरलेल्या, गुलाल-कुंकू लागलेल्या जुड्या त्याच्यापुढे टाकू नयेत. जास्वंदीची पाने व फुले, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला हे चालतात. शेवग्याचा पाला पौष्टिक पण कॅल्शियमने भरलेला, तेव्हा आठवड्यातून दोनदा, मूठभर. पालक आणि माठ कधीतरीच. कोबी या वयात बंदच ठेवावा, वाऱ्याने पोट फुगते. गाजर आणि फळ हे खाऊ समजावे: चार महिन्यांनंतर आठवड्यातून एक-दोनदा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा पुरे. आपल्याकडे आंब्याच्या दिवसांत घरातले प्रत्येक जण सशाला ‘एवढीशी’ फोड देतो आणि त्या पाच-सहा एवढ्याशा फोडींचा मिळून अर्धा आंबा होतो. त्यापेक्षा देणारा एकच माणूस ठरवून घ्यावा. पावसाने भिजलेला पाला फडक्यावर पसरून, पाणी निथळल्यावरच द्यावा.

ससा मोकळा सोडणार असाल तर कुंपणाकडे आधी पाहावे. कोकणात कुंपणाला लावली जाणारी मोगली एरंड आणि शेर, परसदारी असणारी कण्हेर, पाणंदीच्या कडेची घाणेरी, धोतरा आणि रुई ही सर्व विषारी आहेत. अळूची पाने तोंड आणि घसा सुजवतात. काजूच्या आणि आंब्याच्या कोवळ्या डहाळ्यांचा चीक भाजतो, म्हणून त्याही दूर ठेवाव्यात. सुबाभूळ शेळ्यांना घालतात म्हणून सशालाही घालतात, परंतु त्यातील मिमोसिन या द्रव्याने सशाचे केस गळतात.

पाणी मातीच्या जड, पसरट भांड्यात ठेवावे; मोठ्या सशाला बाटलीच्या नळीतून थेंब थेंब पाणी पुरत नाही. भांडे रोज घासावे, कारण दमट हवेत दोन दिवसांत त्याला बुळबुळीत थर येतो.

तारेचा पिंजरा मात्र आजच बदलावा. कुत्र्या-मांजरासारखी गादी सशाच्या तळपायाला नसते. केसांचा जाड थर हेच त्याचे पायताण. पाच-सहा किलोंचे धूड तारेवर बसू लागले की टाचेकडचे केस झिजतात, कातडी लाल होते, फाटते आणि जखम हाडापर्यंत जाते. महाकाय सशांत हा विकार मी इतका पाहिला आहे की अलीकडे वजनाआधी तळपाय पाहतो. जमीन सपाट, कोरडी आणि किंचित मऊ असावी. शेणाने सारवलेली जमीन मऊ व गार असते, पण लघवी मुरते आणि ती धुता येत नाही. गुळगुळीत फरशीवर मोठ्या सशाचे मागचे पाय फाकतात. मला उपयोगी पडलेली रचना अशी: खाली फरशी किंवा चिरे, त्यावर धुता येणारी सुंभाची अथवा रबरी चटई, त्यावर पेंढ्याचा चार बोटे थर, आणि एका कोपऱ्यात बांधकामाचे मोठे प्लास्टिकचे घमेले, तळाशी वर्तमानपत्र आणि वर पेंढा घालून. ससा बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो; त्या कोपऱ्यात घमेले ठेवून शेजारी गवत टांगले की आठवड्याभरात तो सवय लावून घेतो. जागा किमान सहा फूट बाय चार फूट असावी आणि त्याशिवाय दिवसातून तीन-चार तास घरात किंवा खळ्यात देखरेखीखाली मोकळे फिरणे हवे. रात्री पडवी बंद करावी. मुंगूस, भटकी मांजरे, साप आणि उंदीर हे सारे कोकणातील पडवीत येतात. उंदरांनी खुराकात केलेली लघवी हे माणसांनाही होणाऱ्या रोगांचे मूळ आहे, म्हणून खुराक घट्ट झाकणाच्या डब्यातच असावा.

थंडीची काळजी लोक फार करतात. आपल्याकडे सशाला थंडी मारत नाही, उकाडा आणि ओल मारते. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, आणि साधारण १५ ते २१ अंश तापमानात तो सुखी असतो. मे महिन्यातील ३३-३४ अंश आणि त्यावर समुद्राकडची दमट हवा म्हणजे त्याला झेपेल त्याच्या पलीकडचे. दुपारी त्याला पत्र्याखालून हलवून कौलांखालच्या माजघरात आणावे, अंगाखाली पाण्यात बुडवून काढलेले कौल किंवा चिरा ठेवावा आणि पाणी गोठवलेली दोन लिटरची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. तो स्वतःच तिला टेकून बसतो. तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागला, कान तापून लाल झाले, लाळ गळू लागली तर साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पावसाळ्यात तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिया नावाच्या परजीवीचा रोग, जो दीड ते तीन-चार महिन्यांच्या पिल्लांत सर्वाधिक दिसतो. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी ओलसर उबेत दोन-तीन दिवसांनी रोग देण्याजोगी होतात, याचा अर्थ लेंड्या रोजच्या रोज काढल्या तर साखळी तुटते. फिनेलला ही अंडी दाद देत नाहीत. चटई आणि घमेले उकळत्या पाण्याने धुऊन, उघडीप मिळताच उन्हात टाकावीत. पिल्लू खात असूनही वाढत नसेल, पोट मोठे आणि पाठ हाडकुळी दिसत असेल तर ताज्या लेंड्या डबीत घालून तपासणीला न्याव्यात. दुसरी गोष्ट माश्या. ओल्या, घाण लागलेल्या पार्श्वभागावर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात; आत्ताची चिकट घाण पाऊस सुरू होण्याआधी थांबवण्याची मला घाई आहे ती यासाठी. रोज संध्याकाळी शेपटी वर करून पाहावे. घाण असल्यास कोमट पाण्याने तेवढाच भाग धुऊन पूर्ण कोरडा करावा, संपूर्ण आंघोळ कधीही घालू नये. तिसरी गोष्ट लघवीची वाफ. दारे-खिडक्या आणि ताडपत्र्या बंद करून बसलो की अमोनिया साचतो आणि ससा शिंकू लागतो. आपण त्याच्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. आपले डोळे चुरचुरले तर त्याचे केव्हापासून चुरचुरत असतील.

औषधांच्या बाबतीत एक कबुली द्यावी लागेल. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात जखम झालेला एक ससा माझ्याकडे आला आणि शेळ्या-गुरांच्या सवयीने मी त्याला तोंडावाटे अँपिसिलिन दिले. जखम भरू लागली, पण चौथ्या दिवशी जुलाब होऊन ससा गेला. पेनिसिलिन गटातील औषधे तोंडावाटे दिल्यास अंधनालातील उपयुक्त जीव मारतात आणि विष सोडणारे जिवाणू तेथे माजतात, हे मी नंतर नीट वाचले. तेव्हा घरातली कोणतीही गोळी, किंवा कुत्र्यासाठी लिहून दिलेले कोणतेही औषध सशाला देऊ नये. गोचिडांसाठी कुत्र्यावर मारला जाणारा फिप्रोनिलचा फवारा सशाला प्राणघातक ठरू शकतो. कानात खपल्या किंवा नाकावर पांढरा थर दिसला तर ती खरूज असते आणि वजनानुसार दिलेल्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनांनी बरी होते. घरी तेल-गंधक चोळत बसू नये, ससा ते चाटतो.

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पुठ्ठ्याखाली, म्हणजे ढुंगणाखाली, घेऊन अंगाशी धरावे, कानांना धरून कधीही नाही. सशाचा सांगाडा शरीराच्या वजनाच्या अवघा सात-आठ टक्के असतो आणि मागच्या पायांत जोर प्रचंड. अधांतरी झटका दिला तर तो स्वतःचाच कणा मोडतो. आपल्या मुलीने तो चार किलोंचा झाल्यावर उचलू नये, जमिनीवर बसून त्याला जवळ येऊ द्यावे. शिमग्याचे ढोल आणि गणपतीतले फटाके चालू असताना त्याला आतल्या खोलीत ठेवावे, भीतीने दगावलेले ससे मी पाहिले आहेत. पिल्लू मादी असेल तर आठ-दहा महिन्यांच्या सुमारास गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया सशांचा अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकाकडून करून घ्यावी, कारण चार वर्षांपुढील माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. शस्त्रक्रियेपूर्वी सशाला उपाशी ठेवत नाहीत. कोणी ठेवायला सांगितले तर दुसरा डॉक्टर शोधावा.

पुढील दोन महिने एका वहीत दर पंधरवड्याचे वजन, खुराकाचे ग्रॅम आणि नवा पाला कोणत्या तारखेला दिला ते लिहून ठेवावे. पाठीवरून हात फिरवताना कण्याचे मणके हलकेच जाणवले पाहिजेत. टोचले तर खुराक थोडा वाढवावा, अजिबात लागले नाहीत तर कमी करावा. दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही तर ती वही आणि ससा दोन्ही घेऊन दवाखान्यात यावे.